घरात दुसरं माणूस असणं: शिकागो, जुलै १९९५

ऊन लागलं की माणसाचं आधी डोकं चालेनासं होतं. हे आम्हा नागपूरकरांना लहानपणापासून माहीत असतं पण त्याचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. अंगातला ताप चढत गेला की माणूस काहीतरी बरळायला लागतो, झोप येतेय म्हणून आडवा होतो, आणि म्हातारपणी तर तहान लागल्याचंही नीट कळत नाही. म्हणजे ज्याला उष्माघात होतोय त्यालाच तो ओळखता येत नाही. ते ओळखायला दुसरं माणूस लागतं. बायको, नवरा, लेक, शेजारीण, कोणीही चालेल, पण खोलीत डोकावून "अहो, असं काय बोलताय, उठा बघू" म्हणणारं कोणीतरी.

माझी मावशी गेली त्याला आता तीन वर्षं झाली, काका एकटेच राहतात. मावशी गेल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी एका दुपारी सहज त्यांच्याकडे गेले तर कूलर चालू होता पण त्यातलं पाणी कधीच संपलेलं, नुसती भट्टीसारखी हवा येत होती आणि काका त्याच्यासमोर बसून मला म्हणाले बरं वाटतंय, काही नाही झालं. डोळे लाल, जीभ कोरडी आणि मला मावशीच्या नावाने हाक मारली. त्या दिवशी निभावलं. पण कूलरमध्ये पाणी भरणं हे ४० वर्षं मावशीचं काम होतं आणि ते काम तिच्याबरोबर गेलं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर लग्न, एकटं राहणं आणि मरण यांचं नातं काय यावर मिळेल ते वाचत गेले. बरंच काही आहे, पण मी फिरून फिरून एकाच प्रकरणाशी येऊन थांबते, अमेरिकेतलं शिकागो शहर आणि जुलै १९९५ चा तो आठवडा. म्हणून ते सगळं प्रकरण इथे नीट मांडतेय.

गुरुवार, १३ जुलै १९९५. शिकागोच्या मिडवे विमानतळावर पारा १०६ फॅरनहाईट, म्हणजे आपले ४१ अंश. आता नागपूर-चंद्रपूरचा माणूस म्हणेल ४१ म्हणजे आमचा एप्रिल, त्यात काय एवढं. पण तिथे हवेत दमटपणा प्रचंड होता, अंगाला जाणवणारी उष्णता साधारण ५२ अंशांच्या घरात गेली होती, आणि रात्री हवा उतरतच नव्हती. घरं विटांची, थंडीत ऊब धरून ठेवायला बांधलेली, वर काळ्या डांबराचं सपाट छत. वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे अक्षरशः ओव्हन. एसी सगळ्यांकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांनी तो एकदम लावल्यावर वीजपुरवठा कोसळला, हजारो घरं अंधारात गेली. मुलांनी रस्त्यावरचे अग्निशमनाचे नळ फोडून पाण्यात खेळायला सुरुवात केली आणि काही वस्त्यांत घरातल्या नळाचं पाणीही गेलं.

शुक्रवारपासून प्रेतं यायला लागली. शनिवारी तर कुक काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) शवागाराबाहेर पोलिसांच्या गाड्यांची रांग. तिथे जागा २२२ प्रेतांची, एरवी दिवसाला १७ च्या आसपास येतात, आणि आता शेकड्यांनी येत होती, तेव्हा मांस वाहून नेणारे मोठे रेफ्रिजरेटेड ट्रक आणून आवारात उभे केले आणि प्रेतं त्यात ठेवली. शहरातली २३ हॉस्पिटलं कधी ना कधी "आमच्याकडे पेशंट आणू नका, जागा नाही" म्हणण्याच्या स्थितीला आली होती. १४ ते २० जुलै या आठवड्यात एरवी जेवढी माणसं मेली असती त्यापेक्षा ७३९ माणसं जास्त मेली.

मग जे होतं तेच झालं. काउंटीचे वैद्यकीय तपासनीस, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारे अधिकारी, एडमंड डोनोह्यू रोज आकडा सांगत होते आणि महापौर रिचर्ड डेली म्हणत होते की एवढे कसे असतील, माणसं तर रोजच मरतात, सगळी उन्हानेच मेली असं कसं म्हणता. शहराच्या समाजकल्याणाच्या प्रमुखांनी तर ही माणसं स्वतःची काळजी न घेतल्यामुळे मेली असा सूर लावला. नंतर तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा डोनोह्यूंचंच बरोबर निघालं, उलट त्यांचा आकडा कमीच होता. मला त्या "स्वतःची काळजी घेतली नाही" या वाक्याचा अजूनही राग येतो, कारण मी वर म्हटलं तसं, उष्माघातात स्वतःची काळजी घेणारं डोकंच पहिलं बंद पडतं.

आता मुद्द्याचं. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, लगेच माणसं पाठवली आणि एक सरळ साधा अभ्यास केला जो पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, छापून आला. उन्हाने मेलेले ३३९ लोक घेतले, आणि प्रत्येकासाठी त्याच वस्तीतला, त्याच वयाचा, जिवंत असलेला एक माणूस शोधला. म्हणजे तेच ऊन, तीच गल्ली, तेच वय, तरी एक गेला आणि एक राहिला, तर फरक कशाचा? एसी असण्याचा फरक पडला हे कोणीही सांगेल, पडलाच, मोठा पडला. अंथरुणाला खिळलेल्यांना धोका जास्त, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना जास्त. पण त्याच यादीत हेही होतं: एकटं राहणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता २.३ पट, आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांमध्ये तर ६.७ पट. उलट ज्यांच्याकडे जायला-यायला गाडी किंवा कोणाची सोय होती, जे कुठल्या मंडळात वगैरे जात होते, जवळपास मित्र होते, ते जास्त वाचले.

हे ६.७ वालं मी कितीदा तरी वाचलं. एकटं राहणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं, आणि आपण दोन्हीला एकच समजतो. रोज सकाळी दूध आणायला, देवळात, नाक्यावर पेपर वाचायला जाणारा एकटा माणूस एक दिवस दिसला नाही तर चार जण विचारतात. हां, यात एक गोची आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. जो आधीच आजारी आहे तो घराबाहेर पडत नाही, म्हणजे काही अंशी हा आकडा आजारपणाचाच आहे. पण ते सगळं वजा केलं तरी काहीतरी उरतंच, आणि जे उरतं ते कळायला पुढचा भाग बघावा लागतो.

शिकागोत तेव्हा एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये बायका खूप जास्त होत्या. साहजिक आहे, बायका जास्त जगतात, नवरा आधी जातो. मग एकटं राहणं हेच जर कारण असेल तर मेलेल्यांत बायका जास्त हव्यात ना? झालं उलटंच. वयाचा फरक काढून हिशोब केला तर पुरुषांचा मृत्युदर बायकांच्या दुपटीहून जास्त निघाला. आणि ज्यांची प्रेतं न्यायला कोणीच आलं नाही त्यांच्यात तर बहुतेक पुरुषच.

एरिक क्लिनेनबर्ग नावाचा समाजशास्त्रज्ञ, जो मूळचा शिकागोचाच, तो पुढे काही वर्षं या मागे लागला. काउंटीच्या ज्या ऑफिसात बेवारस मेलेल्यांचं सामान ठेवतात तिथे बसून त्याने पोलिसांचे रिपोर्ट वाचले, खोल्यांत सापडलेल्या वस्तू, पत्रं बघितली. दारं आतून बंद, खिडक्या चोरांच्या भीतीने खिळे ठोकून बंद केलेल्या. बरेच पुरुष जुन्या स्वस्त हॉटेलांत राहायचे, जिथे महिन्याच्या भाड्याने एक छोटी खोली मिळते आणि शेजारच्या खोलीत कोण आहे हे माहीत नसतं. कधीकाळी लग्न झालेलं, मुलंही असतील कुठेतरी, पण संबंध तुटलेले. बायका मात्र विधवा झाल्या, एकट्या राहिल्या, तरी मुलीशी फोन, चर्चमधल्या मैत्रिणी, शेजारणीकडे येणं-जाणं हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

हे वाचताना मला काकाच दिसत होते. आमच्याकडे काय वेगळं आहे सांगा. कोणाच्या घरी बारसं आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाकडे हळदीकुंकवाला जायचं, कोणाचा मुलगा पास झाला, हे सगळं मावशीच्या डोक्यात. काकांचे नातेवाईक काकांना मावशीमार्फत ओळखायचे, अगदी त्यांच्या सख्ख्या भावाशी बोलणं सुद्धा "घ्या, बोला जरा" म्हणून मावशीने हातात फोन दिल्यावर. मावशी गेली तेव्हा काकांची बायको तर गेलीच, पण अख्ख्या गोतावळ्याला जोडणारी वायरच कापली गेली. बाई मागे राहिली की तिच्याकडे ती वायर असते. माझ्या मते लग्नाने पुरुषाची तब्येत चांगली राहते असं जे म्हणतात त्यातलं निम्मं तरी हेच आहे, की लग्नामुळे त्याच्याकडे लक्ष ठेवणारं एक माणूस असतं आणि त्या माणसामुळे आणखी वीस माणसं असतात.

वस्त्यांची गोष्टही सांगायलाच हवी कारण ती नसती तर मी सगळा दोष घरातल्या चार भिंतींवर टाकून मोकळी झाले असते. शिकागोच्या पश्चिम भागात नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल अशा दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत, दुसरीला लोक लिटल व्हिलेज म्हणतात. ऊन तेच. दोन्हीकडे म्हातारी, गरीब, एकटी राहणारी माणसं जवळपास सारख्याच प्रमाणात. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्युदर लाखामागे ४० आणि लिटल व्हिलेजमध्ये ४. दहा पट फरक, मधे फक्त एक रस्ता ओलांडायचा.

नॉर्थ लॉनडेल ही कृष्णवर्णीयांची वस्ती, एके काळी सव्वा लाख लोक होते, सिअर्स या मोठ्या दुकान-कंपनीचं मुख्यालय तिथे, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा कारखाना तिथे. मग १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दंगली झाल्या, दुकानं जळाली, कारखाने बंद पडले, सिअर्स गेलं, आणि १९९० पर्यंत लोकसंख्या ५० हजारांच्याही खाली आली. मोकळे प्लॉट, पडकी घरं, कोपऱ्याकोपऱ्यावर ड्रगवाले. अशा ठिकाणी म्हातारं माणूस दाराला कडी लावून आत बसतं, आणि कोणी दार वाजवलं तर उघडत नाही, मग तो मदत करायला आलेला का असेना. लिटल व्हिलेज मेक्सिकन लोकांची, गरीबच, पण २६ वा रस्ता म्हणजे सतत गर्दी, दुकानं, फळवाले, आइस्क्रीमच्या गाड्या, पोरं, चर्च. तिथल्या म्हाताऱ्याला दुपारी खोलीत बसवेना तर तो खाली उतरून एखाद्या थंडगार दुकानात तासभर फिरू शकत होता, आणि त्याला कोणी हाकलत नव्हतं. म्हणून असेल, शहरात २५ टक्क्यांच्या आसपास असलेले लॅटिनो लोक मेलेल्यांमध्ये फक्त २ टक्के होते. खिशात पैसा नव्हताच फारसा. रस्ता जिवंत होता.

आता लग्नाबद्दल. लग्न झालेली माणसं जास्त जगतात हे निरीक्षण खूप जुनं आहे. १८५८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम फार या सांख्यिकी तज्ज्ञाने फ्रान्सचे आकडे घेऊन दाखवलं होतं की लग्न झालेल्यांपेक्षा विधवा आणि विधुर जास्त मरतात, आणि त्याच आकड्यांत हेही होतं की विशीच्या आत लग्न केलेल्यांची अवस्था मात्र वाईट, म्हणजे लग्न म्हणजे काही जादूचा गंडा नाही हे त्यालाही दिसलं होतं. पुढे ब्रिटनमध्ये ५५ च्या पुढच्या ४,४८६ विधुरांवर नऊ वर्षं नजर ठेवली, १९६९ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला की बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षेपेक्षा ४० टक्के जास्त, बरेचसे हृदयाचे, आणि त्यानंतर हळूहळू ते लग्न झालेल्या पुरुषांच्या पातळीला येतात. हे पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. आपल्याकडे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गाड्या पकडतात.

यावर एक शंका हमखास येते आणि ती बरोबर आहे. निरोगी माणसाचंच लग्न होतं, टिकतं, आजारी, व्यसनी, मानसिक त्रास असलेला माणूस एकटाच राहतो, मग एकटेपणाने आजार की आजाराने एकटेपणा? दोन्ही आहे. पण विधुरांच्या बाबतीत ही शंका पुरती लागू होत नाही, कारण त्यांची लग्नं झालेली होती, टिकलेली होती, एका मरणाने मोडली. आणि शिकागोसारखा झटका बसला की फरक वर्षांत नाही तर तासांत दिसतो. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत १५ हजारांच्या आसपास जास्तीची माणसं गेली, तिथेही लग्न झालेल्यांपेक्षा अविवाहित, घटस्फोटित आणि जोडीदार गेलेल्यांमध्ये वाढ जास्त होती.

आणि वाईट लग्नाचं काय? जिच्या घरात रोज मारहाण आहे तिला कोणी सांगायचं की बाई तू जास्त जगशील. अमेरिकेत ४२ जोडप्यांवर एक प्रयोग झाला, हातावर छोटे फोड मुद्दाम करून ते किती दिवसांत भरतात हे बघितलं, तर एकमेकांशी वैरासारखे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा बाकीच्यांच्या ६० टक्के वेगानेच भरत होत्या. म्हणून कोणी हे वाचून आपल्या पस्तिशीच्या लेकीला "बघ, लग्न केलंच पाहिजे" असं ऐकवायला जाऊ नये, माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडच्या बाईचं गणित तर आणखी वेगळं. शिकागोत विधवेकडे मैत्रिणी, चर्च, फोन होते म्हणून ती तरली, आपल्याकडे नवरा गेला की तिची तीच वायर समाज स्वतःच्या हाताने कापायचा, कुंकू पुसा, बांगड्या फोडा, हळदीकुंकवाला बोलावू नका, लग्नात पुढे येऊ देऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं, तेव्हा पेपरात त्याला स्त्रीसन्मान म्हटलं. ते आहेच. पण मला तर तो आरोग्याचाही निर्णय वाटतो, कारण हळदीकुंकू म्हणजे शेवटी काय, दहा घरच्या बायका तुमचा चेहरा बघून जातात.

परत शिकागोत. त्या उन्हाळ्याच्या शेवटी, २५ ऑगस्ट १९९५ ला, होमवूड नावाच्या उपनगरातल्या दफनभूमीत एक लांब चर खणला आणि ६८ साध्या पेट्या त्यात ओळीने ठेवल्या. त्यातले ४१ जण उन्हाने मेलेले. महिनाभर शोधूनही त्यांचं असं कोणी सापडलं नव्हतं.

शहराने नंतर धडा घेतला, हे मान्य करायला हवं. १९९९ मध्ये परत तशी लाट आली तेव्हा आधीपासून इशारे दिले, थंड जागा उघडल्या, तिथे जायला फुकट बस, आणि मुख्य म्हणजे एकट्या म्हाताऱ्यांना फोन केले, पोलीस आणि कर्मचारी घरोघर जाऊन दारं वाजवत फिरले. या वेळी ११० माणसं गेली. ७३९ वरून ११०. ऊन थोडं सौम्य होतं हे धरलं तरी त्या दार वाजवण्याने कितीतरी जीव वाचले असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३०० हून जास्त जास्तीची माणसं गेल्यावर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आला, नंतर नागपुरातही आला, त्यात इशारे आहेत, पाणपोया आहेत, बागा दुपारी उघड्या ठेवणं आहे. पण पाणपोईपर्यंत चालत येणारा माणूस तसाही बाहेर पडलेला असतो. माझ्या काकांसारखा, कूलरसमोर बसून बरं वाटतंय म्हणणारा माणूस तिथे कधीच येणार नाही, त्याच्या घरीच कोणीतरी जावं लागेल, आणि त्यासाठी आधी तो कुठे राहतो याची यादी वॉर्डात असावी लागेल.

यादीवरूनच शेवटचं. सीडीसीने १९९९ च्या मृत्यूंचाही तसाच अभ्यास केला. या वेळी एकटं राहणाऱ्यांचा धोका २.३ नाही, ८.१ पट निघाला. बाकीचे बरेचसे वाचवले गेले आणि एकटे मागे राहिले, असं मला वाटतं. आणि मेलेल्यांत अर्ध्याहून जास्त माणसं ६५ च्या आतली होती, बऱ्याच जणांना मानसिक आजार होता, त्यावरची काही औषधं घामाचं आणि शरीर थंड ठेवण्याचं काम बिघडवतात. फोन आणि दारं वाजवणं सगळं म्हाताऱ्यांची यादी बघून चाललं होतं. पन्नाशीचा, बायको सोडून गेलेला, एका खोलीत गोळ्या घेऊन राहणारा माणूस त्या यादीत नव्हता.